पासष्टच्या आत

“आईंचं नाव तुमच्या फॉर्मात घाल गं, इंदू. आमचा भरून झाला.”

वहिनींनी पेनाला टोपण लावलं, ते इतक्या जोरात, की टेबलापलीकडचे विमावाले ढोबळे दचकले. मी अजून माझ्या फॉर्मावर पत्ताच लिहीत होते. ए विंग, दोनशे दोन, बदलापूर पूर्व. वहिनींचा, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, पत्ता तोच, फक्त विंग बी. दोघा भावांनी एकाच दिवशी एकाच बिल्डरकडे घरं घेतली, तेव्हा नातेवाइकांना कोण कौतुक! मध्ये तीस पावलांचं आवार, एवढंच काय ते अंतर. ते पुढे किती लांब होत गेलं, ते आमचं आम्हाला ठाऊक.

“आमच्यात का बरं?” मी विचारलं. “दिवाळीपासून आई तुमच्याकडे आहेत.”

“आणि जूनपासून तुमच्याकडे येणार. पॉलिसी काय सहा महिन्यांची असते?”

“त्याच्या आधीचे सहा महिने त्या आमच्याकडेच...”

“आधीचं काढू नकोस हं. आधीचं काढलंस तर हॉस्पिटलपर्यंत जाईल.”

गेल्या श्रावणात आईंना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, न्यूमोनिया झाला होता. नऊ दिवस खाजगी हॉस्पिटलात. त्या बऱ्या होऊन घरी आल्या, पण दोन्ही घरं त्या नऊ दिवसांतून काही उठली नाहीत. कुणी किती केलं, कुणी रात्री जागवल्या, कोण नुसतंच मोसंबी घेऊन आलं, ते सगळं अजून घोळत होतं. त्यात आमच्या ह्यांची अंबरनाथची कंपनी बंद पडली आणि कंपनीबरोबर दवाखान्याचं कार्डही गेलं. त्यामुळे सोसायटीत विम्याचं शिबिर लागणार म्हटल्यावर मी माहितीपत्रक आणून पुढूनमागून वाचून काढलं होतं. सातवीनंतर शाळा सुटली तरी बारीक अक्षर वाचायची सवय काही सुटली नाही. लोक जे बारीक छापतात तेच खरं असतं, हे मी साड्यांना फॉल लावता लावता शिकले.

दहा वर्षं झाली या गोष्टीला. एप्रिलमधला रविवार होता. सोसायटीचा हॉल म्हणजे पार्किंगलाच तीन बाजूंनी भिंती घातलेल्या. वर दोन पंखे, त्यातला एक नुसता आवाज करणारा. योजना चांगली होती. सोसायटीतून संध्याकाळी पाचपर्यंत चाळीस फॉर्म गेले, तर हप्त्यात सवलत, आणि पासष्टच्या आतल्या कुणाचीही वैद्यकीय तपासणी नाही. अट एकच जाचक होती. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर हप्ता बसायचा. म्हणजे आईंना जो आपल्या फॉर्मात घेईल, त्याचा हप्ता जवळजवळ दुप्पट.

आणि जिच्यावरून हे चाललं होतं ती बाई भिंतीलगतच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. ऐकू येत नसल्यासारखी. आईंना मुंगी चाललेली ऐकू यायची.

“अहो, घरचं घरी करा की,” अध्यक्ष टिपणीस काका मागून म्हणाले. “अडतीस फॉर्म झालेत. तुमच्या दोघींच्या भांडणात आमच्या अडतिसांची सवलत बुडायची.”

“तुम्ही घ्या मग आमच्या आईंना तुमच्यात,” वहिनी म्हणाल्या. काका फॉर्म मोजायला लागले.

ढोबळ्यांनी घाम पुसला. “ताई, मी सुचवू का? आजींची वेगळी पॉलिसी काढा. निम्मा हप्ता ह्या ताईंचा, निम्मा त्या ताईंचा. कुणाच्या फॉर्मात कुणी नको.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दोघींनाही नाही म्हणायला जागा सापडेना.

“चालेल,” मी म्हणाले.

“माझं काही अडलेलं नाही, पण चालेल,” वहिनी म्हणाल्या.

आईंनी पिशवीतून आधारकार्ड काढून दिलं. ढोबळ्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते डोळ्यांशी नेलं.

“एक जानेवारी सत्तेचाळीस. म्हणजे अडुसष्ट पूर्ण.” त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. “आजी, तुम्ही नाही हो बसत ह्यात. पासष्टच्या आत पाहिजे.”

वहिनी हसल्याच. “अडुसष्ट? काहीतरीच काय. आमचे हे चव्वेचाळीसचे. हे झाले तेव्हा आई अठराच्या. करा बेरीज.”

बेरीज टिपणीस काकांनी केली. बासष्ट.

“मग कार्डावर सहा वर्षं जास्तीची आली कुठून?”

“मला काय विचारता?” ढोबळे म्हणाले. “कार्डावर आहे ते खरं. दुरुस्ती करायची तर प्रतिज्ञापत्र, जन्माचा पुरावा, दोन महिने धरा. योजना आज पाचला बंद.”

जन्माचा पुरावा! पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत होळीच्या सुमाराला आपण जन्मलो, एवढंच आईंना माहीत होतं. कुठल्या होळीच्या, ते होळीलाच ठाऊक.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. चिडल्या की त्या बसून बोलत नसत.

“आता माझं एक ऐका सगळ्यांनी. जमत आलेलं ज्यानं घालवलं, त्यानं निस्तरावं. हे वय ज्या कुणी वाढवून सांगितलं असेल, आईंना त्यानंच सांभाळायचं. दवाखान्यासकट. सहा-सहा महिने बंद.”

“रास्त आहे,” टिपणीस काका म्हणाले. मागच्या रांगेतूनही दोघं-तिघं हुंकारले. बायका फॉर्म सोडून ऐकत होत्या.

माझे मोठे दीर मधुकर भाऊजी सोसायटीचे खजिनदार होते. घरात ते पेपरमागे असायचे. चारचौघांत मात्र त्यांना न्यायाधीश व्हायची हौस होती.

“मग तूच सांभाळ,” ते बायकोला म्हणाले.

“मी?”

“आधारच्या शिबिराला आईला घेऊन पहाटे रांगेत कोण गेलं होतं? तूच ना? पासष्ट झाली की एसटीला अर्धं तिकीट. अर्ध्या तिकिटात आईला दर महिन्याला पोलादपूरला पिटाळता येतं. तुझीच अक्कल असणार ही. फुकट ते पौष्टिक, तुमच्या माहेरचीच रीत आहे.”

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. वहिनींचा चेहरा आधी लाल झाला आणि मग एकदम पांढरा पडला. लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईला नवऱ्यानं असं चाळीस घरांसमोर सोलून ठेवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

“मी अकराला घरी परत आले होते,” त्या हळू म्हणाल्या. “स्वयंपाक व्हायचा होता म्हणून. पुढे इंदू होती आईंजवळ.” त्या माझ्याकडे वळल्या. “इंदू, तू सांग ना गं. काय झालं होतं तिथे?”

हॉलमधली सगळी तोंडं माझ्याकडे झाली. आमच्या ह्यांचंही. ह्यांना नोकरी नव्हती. मुलगी दहावीत, मुलगा आठवीत. आई कायमच्या आमच्याकडे, दवाखान्यासकट. एका क्षणात मनात किती गोष्टी मावतात, ते मला त्या दिवशी कळलं.

“मला काय ठाऊक?” मी म्हणाले. “मी आपली बाजूला उभी होते. आईंनीच सांगितलं असेल.”

आता सगळे आईंकडे वळले.

आई खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. त्यांनी टेबलावरचं कार्ड उचललं, पदराला पुसलं, पिशवीत ठेवलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “मीच सांगितलं. मी वाढवलं, म्हणजे मला मीच सांभाळायचं. ठरलंय ना तसं?”

आणि त्या निघाल्या. त्यांना वाट देण्यासाठी लोकांनी खुर्च्या सरकवल्या. थांबवलं कुणीच नाही.

“जा, बघ जरा,” हे मला म्हणाले. म्हणून मी गेले. आपण होऊन गेले असते, असं मला अजून छातीठोक म्हणता येत नाही.

बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. आई पलंगावर कापडी पिशवी ठेवून लुगडी भरत होत्या. घडी मोडली की पुन्हा घालत होत्या.

“कुठे निघालात?”

“पोलादपूरला.”

“कोण आहे तिथे आता?”

“भाऊ आहे. त्याची सून आहे. ती तुमच्यासारखी शहरातली नाही, तोंडावर शिव्या घालते. बरं पडतं ते.”

मी पिशवीचा एक बंद धरून उभी राहिले. “आई, ते वय...”

“मला काय सांगतेस? तुझ्या शेजारीच बसले होते मी.”

नगरपालिकेच्या शाळेतला वर्ग. मुलांच्या बाकावर ते मशीन. बोटांचे ठसे उमटेनात म्हणून आईंनी चारदा हात पुसलेले. मशीनवाल्यानं जन्मसाल विचारलं आणि आई म्हणाल्या, “काय की बाबा, साठीच्या अल्याडपल्याड.” तेव्हा मीच पुढे झाले. “पासष्ट लिहा,” म्हणाले. आदल्याच आठवड्यात एसटी स्टँडवर पाटी वाचली होती. आपण वाचतो, आपल्याला कळतं, याचा त्या दिवसांत मला फार गर्व होता. परत येताना मी आईंना उसाचा रस पाजला आणि म्हणाले, “आता माहेर निम्म्यात!” आई खूप हसल्या होत्या. विम्याचं माहितीपत्रक वाचतानाही माझ्या डोक्यात आईंचं खरं वय होतं, कार्डावरचं नाही. दोघींनी ही गंमत कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर वहिनी म्हणाल्या असत्या, मला का नाही सुचलं!

“मग खाली तुम्ही ते अंगावर का घेतलंत?” मी विचारलं.

“तुझ्यासाठी घेतलं असं वाटतंय होय तुला?” आईंनी लुगडं पिशवीत कोंबलं. “तू माझ्याकडे बोट केलंस. म्हटलं, घेऊन बघू या आपल्यावर. त्यानंतर तरी हिची जीभ सुटते का बघू. नाही सुटली.”

“चुकलं माझं.”

“मला सांगून काय उपयोग? मला माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही ते खाली बसलेत.”

मी तरी तशीच उभी. आईंनी माझ्या हातातून बंद सोडवून घेतला.

“पाचला बंद होणार म्हणाला ना तो? जा.”

दोन जिने उतरायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या असत्या. हॉलमध्ये ढोबळे फॉर्मांचा गठ्ठा रबरबँडात घालत होते. वहिनी एकट्याच खिडकीशी. त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या.

“आईंचं वय मी वाढवून सांगितलं होतं,” मी म्हणाले. मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. “वहिनी नव्हत्या. आईही नव्हत्या. मी होते.”

मधुकर भाऊजी पंख्याकडे बघू लागले. तो नुसता आवाज करणारा पंखा. टिपणीस काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “बरं, पण फॉर्म द्या तुमचा. चाळिसावा आहे.”

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. “झालं बोलून? मग ठरल्याप्रमाणे. आमचं अर्धं विसरायचं.”

“हो,” मी म्हणाले.

ढोबळ्यांना मी विचारलं, पासष्टच्या पुढच्यांसाठी काहीच नसतं का? असतं, म्हणाले. दुसरी योजना, तपासणी करून. पण महाग. त्यांनी आकडा सांगितला. तो आमच्या चौघांच्या हप्त्याएवढा होता. ह्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. दोन्ही भरणं म्हणजे शाळेच्या फीला हात घालणं.

मी माहितीपत्रक उलटं करून मागच्या कोऱ्या जागेत थोडी खाडाखोड केली. चौघांचे तिघं केले आणि विम्याची रक्कम एक पायरी खाली आणली, तर दोन्ही जेमतेम बसत होतं. मी फॉर्म पुढे ओढला आणि माझ्या नावावर रेघ मारली.

“वेडी आहेस का?” हे म्हणाले.

“मला काय होतंय? शिंकले आहे का मी कधी?”

“इंदू, उगाच...”

“सही करा. पाच वाजतील.”

त्यांनी केली. ह्यांची सही नेहमी सरळ असते, त्या दिवशी ती रेघेखाली घसरली.

“आता ही त्यागमूर्ती,” दारातून बाहेर पडता पडता वहिनी म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

मी परत वर गेले तेव्हा आई भरलेल्या पिशवीशेजारी बसून होत्या.

“सांगितलं,” मी म्हणाले. “चला आता आपल्या घरी. तुमचा विमा केलाय. वेगळा.”

आईंना व्यवहार समजत नाही असं वाटणाऱ्यांत मी कधीच नव्हते. “कुणाचं नाव काढलंस?” त्यांनी विचारलं.

“माझं.”

“आणि तू पडलीस आजारी तर?”

“मी नाही पडत.”

“असं म्हणणाऱ्या सगळ्यांना मी पोचवून आलेय.” त्यांनी पिशवी माझ्या अंगावर लोटली. “धर. अक्कल नाही ती नाहीच.”

ते तीस पावलांचं आवार त्या माझ्या पुढे चालल्या. नंतर चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी विम्याच्या तपासणीला नेलं. तपासणारे डॉक्टर म्हणाले, “वा आजी, अडुसष्टच्या मानानं तब्येत ठणठणीत आहे.” आईंनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, की मला दवाखान्याच्या पायरीवर बसून हसू आवरावं लागलं. त्या पुढे नऊ वर्षं आमच्याकडे राहिल्या आणि गेल्या त्याही दुपारी जेवून, पडल्या पडल्या. विम्याचा एकही कागद वापरावा लागला नाही.

आजारी पडले ती मी. तीन वर्षांतच. गर्भाशय काढायचं निघालं. मला कुठला विमा? सरकारी दवाखान्यात नंबर लावला. पलंगाच्या पायथ्याशी आई स्टुलावर बसून असायच्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला, शेजारच्या प्रत्येक बाईला सांगायच्या, “हिनं स्वतःचं नाव स्वतः खोडलंय हो. सातवी शिकलेय म्हणते!”

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. त्या रविवारनंतर सणवाराला हळदीकुंकवापुरत्या यायच्या, तेवढंच. हातात डबा. आईंना म्हणाल्या, “तुम्ही घरी जा. पाठ मोडेल. आज मी बसते.”

आई गेल्या. वहिनींनी स्टूल ओढलं. मीच आधी तोंड उघडलं.

“वहिनी, त्या दिवशी मी आईंवर ढकललं, ते अजून...”

“आईंचं मला नको सांगूस. त्या आपल्या सगळ्यांना पुरून उरतात.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “हे मला चाळीस घरांसमोर नाही नाही ते बोलले. तेव्हा मी तुला विचारलं. भरलेला हॉल होता, पण मी तुला विचारलं. आपल्या दोघींत कितीही असलं तरी तू खरं सांगशील, असं वाटलं मला.”

शेजारच्या पलंगावरची बाई झोपल्याचं सोंग करत होती.

“नंतर तू येऊन सांगितलंस. त्यावर एक माणूस तरी मला म्हणाला, की बाई, चुकलं आमचं? हे म्हणाले?”

“नाही.”

“तू म्हणालीस?”

नव्हते म्हणाले. तीन वर्षं मी आईंपाशी फेडत होते आणि समजत होते, फिटलं.

“वहिनी,” मी म्हणाले, “चुकलं माझं.”

“हं. टाके पडल्यावर.” त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. मुगाची खिचडी होती, मऊ, वर तूप. आजाऱ्याला तिखट चालत नाही म्हणून माझ्यासाठी वेगळी केलेली. “मी काही माफबिफ केलेलं नाही. उठू नकोस, ओढ बसेल.”

त्यांनी चमचा भरला, फुंकर घातली, आणि माझ्या तोंडाशी धरला.

“आ कर.”